हिरवळीखालचे टांगते पाणी

कुंडी भरताना तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर द्यावा, म्हणजे निचरा चांगला होतो, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात घडते ते उलटे. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड खडीत सहजासहजी उतरत नाही. दोहोंच्या सीमेवर ते अडून राहते. कुंडीतला हा दोष गोल्फच्या मैदानावर मात्र गुण म्हणून वापरला जातो.

ज्या खळग्यात चेंडू घालवायचा, त्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. तिथले गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीवर, बहुधा रोज कापले जाते. पान छाटले की अन्न कमी तयार होते आणि मुळे आखूड राहतात. पूर्वी जागेवरचीच माती ओढून ग्रीनचा उंचवटा करीत. चिकणमाती पाणी पुष्कळ धरते. पण त्यातले बरेचसे इतक्या घट्टपणे, की मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय खेळणाऱ्यांच्या पायांखाली ती दबते, तिच्यातली हवा जाते आणि मुळे वरच्या वरच घुटमळतात.

यावर अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने १९६० साली ग्रीनच्या बांधणीची शिफारस प्रसिद्ध केली. तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यांवर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, असा तिचा गाभा आहे. जोराच्या पावसात पाण्याचा भार वाढला की ते खडीत उतरून वाहून जाते. पाऊस थांबला की उरलेले पाणी खडीच्या माथ्यावर, वाळूच्या तळाशी, जणू टांगून राहते.

वाळूची जाडी ३० सेंटिमीटरच का? भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. गळणे थांबले की तोच उभा करा; पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पण उंची वाढली. वाळूचेही तसेच. थर फार जाड केला तर वरचा भाग कोरडा पडतो. फार पातळ केला तर मुळे पाण्यात बुडतात.

आता दुष्काळाचा हिशेब मांडू. ३० सेंटिमीटर वाळूने सरासरी २० टक्के पाणी धरले, तर एकूण साठा ६० मिलिमीटरचा. कडक उन्हात हिरवळीतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर तो बारा दिवस पुरावा. पण मुळे वरच्या १० सेंटिमीटरमध्येच असतील तर त्यांच्या वाट्याला फार तर तिसरा हिस्सा येतो. तोही पुरता नाही, कारण टांगत्या पाण्याचा मोठा भाग तळाशी असतो. तीन-चार दिवसांतच गवत कोमेजू लागते आणि हातभर खाली पाणी शिल्लक असते! दुष्काळ सोसण्याची ताकद साठ्यात नसते. साठा आणि मूळ यांची गाठ पडण्यात असते.

उतार आला की गणित आणखी बिघडते. टांगते पाणी तळातल्या तळात सखल बाजूला सरकते. उंचवटे सुकतात, खोलगट भाग दलदलीत राहतो. वाळूच्या कणांवर सेंद्रिय पदार्थांचे मेणचट लेपण चढले, तर सुकलेली जागा नंतर शिंपलेले पाणीही झिडकारते. म्हणून जाणता माळी सरसकट फवारा सोडत नाही. करपलेले ठिपके हेरून तेवढ्यांनाच हाताने पाणी देतो.

उष्ण प्रदेशांतल्या ग्रीनवर पुष्कळदा वापरले जाणारे गवत आपल्याला परके नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजेच शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणणारी हरळी, आणि तिची आफ्रिकी बहीण यांचा तो संकर. हरळीची चिवट मुळी शेतात खोल जाते. रोजच्या कातरणीखाली तिलाही हात आखडता घ्यावा लागतो.

एप्रिल २०१६मध्ये, दुष्काळात होरपळणाऱ्या महाराष्ट्रातून त्या महिन्यानंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने बाहेर हलवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. मैदानांना किती पाणी द्यावे, हा वाद तेव्हा गाजला. पाणी कोणाच्या वाट्याचे, हे मातीचे शास्त्र ठरवू शकत नाही. मात्र दिलेल्या पाण्यातले किती मुळांपाशी पोचले आणि किती नुसतेच खाली टांगून राहिले, हे ते नक्की सांगते. हिरव्या रंगाकडे पाहून ते कळत नाही; त्यासाठी हातभर खणून पाहावे लागते.