रसाचा आकडा कुणाचा?

येरळा नदी साताऱ्याच्या खटाव भागातून येऊन सांगलीतील ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. या टापूतल्या द्राक्षांना पूर्वापार दोन वाटा आहेत: खाण्यासाठी बाजार, नाहीतर बेदाणा. तिसरी वाट वाइनची. राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिककडे विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क आले. पण ही तिसरी वाट पहिल्या दोन वाटांपेक्षा वेगळी आहे, हे फारसे कुणी समजावून सांगितले नाही.

साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात महिनोन्महिने राहतो. तासगावच्या सौद्यात दर पटला नाही, तर शेतकरी थांबू शकतो. वाइनच्या द्राक्षाला थांबणे माहीत नाही. शिराझ किंवा कॅबरने सोविन्योचे मणी बारीक आणि बियांचे. ते ना फळबाजारात खपतात, ना बेदाण्याला चालतात. म्हणजे गिऱ्हाईक एकच, आणि तोडणीनंतर हातात वेळ फार थोडा.

म्हणून या व्यवहारात मालाआधी माहिती पोचावी लागते. तिचे मुख्य साधन खिशात मावणारे आहे: रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर रसाचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरले की साखरेचा आकडा दिसतो. साखर जितकी जास्त, तितका प्रकाश अधिक वाकतो. त्या आकड्याला ब्रिक्स म्हणतात. २२ ब्रिक्सच्या रसापासून सुमारे १२ टक्के मद्यार्काची वाइन होते. एक ब्रिक्स घटला की मद्यार्क साधारण अर्ध्या टक्क्याने उतरतो. दर आकड्याला बांधलेला असेल, तर एका ब्रिक्सवर शेतकऱ्याचे पैसे अडतात.

एकाच बागेत दोन माणसांना दोन आकडे मिळू शकतात, आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. घडाच्या खांद्यावरचा मणी शेंड्यावरच्या मण्यापेक्षा बहुधा गोड असतो. उन्हातला घड आणि पानाआडचा घड यांतही फरक पडतो. रस तापलेला असेल, तर साध्या उपकरणाचा आकडाही सरकतो. अशा वेळी आकड्याचा फोटो मोबाइलवर पाठवून भागत नाही. मणी कुठून घेतले, ते फोटोत दिसत नाही.

शेजारचा एक दाखला पाहू. युरोपला जाणाऱ्या ताज्या द्राक्षांसाठी अपेडाने ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था उभारली. तिच्यात प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक असतो. शेतकरी, प्रयोगशाळा, पॅकहाउस आणि निर्यातदार एकाच नोंदीशी बांधलेले राहतात. फवारणीच्या अंशाबाबत शंका आली, तर पेटीवरून बागेपर्यंत मागे जाता येते. लहान शेतकऱ्याला तिचा उपयोग झाला, कारण त्याची नोंद दुसऱ्यालाही मान्य होती.

वाइनच्या छोट्या व्यवहारात नेमकी ही सामाईक नोंद हवी. २००८ नंतरच्या मंदीत वाइनरींची खरेदी आटली आणि महाराष्ट्रात अनेकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. मंदी कोणत्याही उपकरणाने टळली नसती. पण किती माल, कोणत्या आठवड्यात, कोणत्या ब्रिक्सला लागेल, हे ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी दोघांच्या वहीत लिहिलेले असते, तर सगळा धोका एकट्या बागेवर पडला नसता.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. ठरलेल्या ओळींतले, घडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातले मणी, सकाळची वेळ, दोघांसमोर एकच रस आणि नोंदीखाली दोन सह्या. मोबाइल त्यानंतर कामाला येतो.