तिशीला धीर देणारी जपानी गाणी

सप्टेंबर 2008 मध्ये जपानमध्ये एक गाणे प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'तेगामी', म्हणजे पत्र. गायिका-पियानोवादक अँजेला आकी हिने ते लिहिले, स्वरबद्ध केले आणि गायिले. उपशीर्षकातच पत्राचा मायना आहे. तो साधारण आपल्या 'सा. न. वि. वि.'सारखा औपचारिक असून पंधरा वर्षांच्या 'तुला' उद्देशून आहे. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या देशव्यापी शालेय समूहगान स्पर्धेत माध्यमिक गटासाठी त्या वर्षी हेच गीत नेमले होते. गावोगावच्या शाळांतील मुलामुलींनी ते महिनोन् महिने घोटून पाठ केले. पुढे शाळांच्या निरोप समारंभांतही ते रुळले.

या गाण्याची मांडणी वेगळी आहे. पहिल्या भागात पंधरा वर्षांचे मूल आपल्याच भविष्यातील रूपाला पत्र लिहून मनातील गोंधळ सांगते. दुसऱ्या भागात ते मोठे झालेले रूप उत्तर देते. ही कल्पना आकी हिच्या आयुष्यातूनच आली होती. किशोरवयात तिने भविष्यातील स्वतःला लिहिलेले पत्र तिच्या आईने जपून ठेवले आणि तिच्या तिसाव्या वाढदिवसाला तिच्या हाती दिले.

2008 मध्ये हे गाणे शाळेत म्हणणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांनी आज तिशी ओलांडली आहे. त्या वेळी त्यांनी पत्र लिहिणाऱ्याची भूमिका केली होती. आता उत्तर देण्याची पाळी त्यांची आहे. धीर देणाऱ्या जपानी गीतांचा विचार करताना ही पिढी, आणि तिच्या आधीची एक पिढी, डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

मैदानावरून घरात

अशा गीतांना जपानीत 'ओएन्का' म्हणतात. 'ओएन' म्हणजे पाठबळ देणे, 'का' म्हणजे गीत. या प्रकाराचा जन्म खेळाच्या मैदानावर झाला. विद्यापीठांच्या बेसबॉल सामन्यांत आपल्या संघाला चेव यावा म्हणून विद्यार्थ्यांची पथके ढोलाच्या ठेक्यावर ही गीते गात. वासेदा विद्यापीठासाठी युजी कोसेकी या तरुण संगीतकाराने 1931 मध्ये रचलेले असे गीत आजही गायिले जाते. त्याच कोसेकी यांनी पुढे 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकचे संचलनगीतही दिले.

कालांतराने हे गीत मैदान सोडून घरात, कचेरीत आणि लोकलच्या डब्यात आले. संघाची जागा एकट्या माणसाने घेतली. मात्र त्यामागचा शब्द तोच राहिला, 'गाम्बारे'. नेट लाव, कसून प्रयत्न कर, टिकून राहा, असे अनेक अर्थ त्यात सामावले आहेत. परीक्षेला निघालेल्या मुलाला, धावपटूला, नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्याला जपानी माणूस हाच शब्द देतो.

हिमयुगातील पिढी

तिशीलाच या धीराची गरज का भासावी? जपानी भाषेत तिशीला 'मिसोजी' असा खास शब्द आहे. लोकसमजुतीप्रमाणे स्त्रियांसाठी तेहतिसावे वर्ष मोठे अनिष्ट मानतात आणि त्यासाठी देवळात जाऊन शांती करून घेतात. पण खरे कारण पंचांगात नाही, समाजाच्या वेळापत्रकात आहे. शिक्षण, नोकरी, लग्न, घर यांची ठरावीक क्रमवारी तिथे घट्ट रुजली आहे. आपली गाडी वेळेवर धावते आहे की नाही, हे तिशीत लख्ख दिसू लागते. विशीतील अपयशाला लोक वयाची सवलत देतात. तिशीत ती संपते.

त्यातही एका पिढीची गाडी फलाटावरच चुकली. मोठ्या जपानी कंपन्या पदवीधर होणाऱ्या तरुणांना एकगठ्ठा निवडतात आणि एप्रिलमध्ये कामावर घेतात. ती संधी हुकली, की मागाहून आत शिरणे कठीण. 1989 च्या अखेरीस टोकियोचा शेअर निर्देशांक शिखरावर होता; नंतर तो फुगा फुटला आणि कंपन्यांनी भरती आखडली. 1993 पासून साधारण दशकभर पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या या काळाला 'नोकऱ्यांचे हिमयुग' असे नाव पडले. असंख्य तरुण हंगामी आणि कंत्राटी कामांत अडकले.

याच हिमयुगाच्या उंबरठ्यावर, जानेवारी 1993 मध्ये, 'झार्ड'चे 'माकेनाइदे' हे गाणे आले. नावाचा अर्थ, 'हरू नकोस'. गायिका इझुमी साकाई हिचे शब्द आणि तेत्सुरो ओदा यांची चाल. शर्यत संपेपर्यंत पाऊल थांबवू नये, असा त्याचा साधा आशय. दहा लाखांहून कितीतरी अधिक प्रती खपल्या. एका वार्षिक धर्मादाय दूरचित्रवाणी कार्यक्रमात दूर अंतर धावणाऱ्या कलावंतासाठी ते दरवर्षी वाजू लागले आणि 'ओएन्का' म्हटले की हेच गाणे आठवावे, असे त्याचे स्थान झाले. स्वतः साकाई हिचे 2007 मध्ये, कर्करोगावर उपचार चालू असताना झालेल्या अपघातात, चाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्यानंतर हे गाणे ऐकताना श्रोत्यांच्या मनात आणखी एक सूर मिसळला.

शर्यतीकडून फुलाकडे

हिमयुगातील पहिल्या पदवीधरांनी 2000 नंतर तिशी गाठली आणि गाण्यांचा स्वरही बदलला. 2001 मध्ये 'उरुफुरुझु' या वाद्यवृंदाने 'आशिता गा आरु सा', म्हणजे 'उद्या आहेच की', हे गाणे नव्याने आणले. मूळ गाणे 1963 चे, क्यू साकामोतो याने गायिलेले. त्यात एक लाजरा मुलगा प्रेम व्यक्त करायला धजावत नाही आणि रोज उद्यावर ढकलतो. नव्या रूपात, डबाबंद कॉफीच्या जाहिरातींसाठी, ते कंपनीत पिचलेल्या सामान्य नोकरदाराचे गाणे झाले.

मार्च 2003 मध्ये 'स्मॅप' या गटाचे 'सेकाई नी हितोत्सु दाके नो हाना', म्हणजे 'जगातले एकमेव फूल', प्रसिद्ध झाले. नोरियुकी माकिहारा यांच्या या रचनेत दुकानातील फुले एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत. मग माणसांनीच पहिल्या क्रमांकाचा हव्यास का धरावा, असा प्रश्न आहे. दहा वर्षांपूर्वी 'धावत राहा' सांगणारे गीत आता 'आहेस तसा पुरेसा आहेस' म्हणू लागले. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वतः तिशीला पोचले होते किंवा पोचत होते. 2016 च्या अखेरीस हा गट विसर्जित झाला, तेव्हा चाहत्यांनी हेच गाणे पुन्हा विकत घेऊन त्यास निरोप दिला.

भूपाचे स्वर, स्वतःचा आवाज

या गीतपरंपरेची एक खूण मराठी कानांना ओळखीची वाटेल. जपानी लोकप्रिय संगीतात 'योनानुकी' नावाची पाच स्वरांची स्वरावली फार चालते. चौथा आणि सातवा स्वर गाळलेला, म्हणजे मध्यम-निषाद वर्ज्य. आपल्या भूपाचे तेच पाच स्वर. राग म्हणजे केवळ स्वरावली नव्हे, हे खरे. पण कानाला ओळख पटते. साकामोतोचे 1961 चे 'उए ओ मुइते आरुको' बहुतांशी याच स्वरांत फिरते. डोळ्यांतले पाणी लपवत एकट्याने चालणाऱ्या माणसाचे हे गाणे 1963 मध्ये 'सुकियाकी' या विचित्र नावाने अमेरिकेत अग्रस्थानी पोचले. दुःख न नाकारता पाऊल उचलायला लावणे, हा पुढच्या अनेक गीतांचा गुण तिथेच दिसतो.

दुसरी गोष्ट काराओकेची. 1970 च्या दशकात कोबे परिसरातून पसरलेल्या या यंत्राने श्रोत्याला गायक केले. कामावरून परतताना सहकाऱ्यांसोबत छोट्या खोलीत शिरून 'हरू नकोस' असे मोठ्याने म्हणणारा माणूस ते कोणाला सांगत असतो? समोरच्यांना, आणि त्यांच्या आडून स्वतःला. मनातले उघड बोलण्याचा संकोच असलेल्या समाजात ही सोय लहान नाही.

धीराची मर्यादा

तरीही या गीतांकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. नोकऱ्याच नसताना 'कसून प्रयत्न कर' म्हणणे, म्हणजे व्यवस्थेचे अपयश व्यक्तीच्या माथी मारणे नव्हे काय? ह्योगो प्रांतातील ताकाराझुका या शहराच्या प्रशासनाने 2019 मध्ये केवळ हिमयुगातील पिढीसाठी तीन जागांची जाहिरात दिली. वय 36 ते 45. अठराशेहून अधिक अर्ज आले. इतक्या माणसांमध्ये जिद्दीची उणीव होती, असे कोण म्हणेल? सरकारनेही या पिढीसाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला, तो त्याच वर्षी. तोवर तिच्यातील अनेकांची तिशी सरली होती.

'गाम्बारे' या शब्दाचाही पुनर्विचार झाला. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला तो शब्द म्हणू नये, ही सूचना आता जपानमध्ये सर्वपरिचित आहे. मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर, सर्वस्व गमावलेल्यांना आणखी किती नेट लावायला सांगणार, असा सवाल अनेकांनी केला.

'तेगामी' टिकले, ते बहुधा यामुळेच. त्यातील प्रौढ व्यक्ती पंधरा वर्षांच्या मुलाला यशाचे आश्वासन देत नाही. मोठेपणीही जखमा होतात, रात्री झोप लागत नाही, पण जगणे चालू आहे, एवढेच ती कबूल करते. आकी हिनेही 2014 मध्ये भर लोकप्रियतेत गाणे थांबवले आणि संगीत शिकण्यासाठी अमेरिका गाठली. दशकानंतर, 2024 मध्ये, ती एका संगीत नाटकाची संगीतकार म्हणून परतली. तिशीत वाट बदलता येते, हे तिने गाण्याबाहेरही दाखवले.

गाणे नोकरी देत नाही, घराचे हप्तेही फेडत नाही. ज्यांचे हे काम आहे त्यांच्यावरील जबाबदारी कोणत्याही सुरावटीने कमी होत नाही. पण शाळेच्या सभागृहात एकेकाळी शंभर आवाजांत मिसळलेला आपला आवाज आज एकटेपणी पुन्हा ऐकू आला, तर तिशीतील माणसाला एवढे नक्की कळते, की हे पत्र त्याच्याच पत्त्यावर आले आहे आणि उत्तर लिहायला अजून उशीर झालेला नाही.