आधी कोणतं बेट?

चेन्नईत 2003 पासून राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं मुख्यालय आहे. परक्या आक्रमक प्रजातींचा प्रश्न इथे येतो तेव्हा पैसा आणि माणसं नेहमीच तोकडी पडतात. मग सुरुवात कुठून करायची?

तमिळनाडूच्याच मन्नारच्या आखाताचं पाहा. रामेश्वरम ते तुत्तुकुडी या पट्ट्यात 21 लहान बेटं आहेत. भोवती शंभराहून अधिक प्रजातींची प्रवाळं आहेत. कॅराजीनन या पदार्थ दाट करणाऱ्या घटकासाठी लागवड होणारं कप्पाफायकस हे परदेशी समुद्रशैवाल कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद 2008 मध्ये झाली. शैवालाच्या जाड थराखाली प्रवाळाला उजेड मिळत नाही आणि ते गुदमरतं. हातानं उपटलं तरी राहिलेल्या तुकड्यातून शैवाल पुन्हा वाढतं.

म्हणून नुसती आक्रमकांची यादी पुरत नाही. कोणत्या बेटाजवळ जिवंत प्रवाळ किती, तिथून काय कायमचं नष्ट होईल, काढलेलं शैवाल प्रवाहाबरोबर परत येईल का, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानं अशाच मांडणीतून 169 बेटं निवडली. तिथले बाहेरून आलेले उंदीर, मांजरं, बकऱ्या हटवल्या तर बेटांवरच्या अतिसंकटग्रस्त पृष्ठवंशी प्रजातींपैकी सुमारे 9 टक्के प्रजातींना आधार मिळेल. मन्नारच्या आखातात अशी मांडणी करायची तर मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती दरवर्षी त्याच जागी पाण्यात उतरून केलेली प्रवाळांची आणि शैवालाची मोजणी. तिच्यासाठी निधी आधी राखून ठेवायला हवा.