पुणें शहराकडील वर्तमान

शहराचें वर्तमान शेतकऱ्यास कशास हवें, असें कोणी विचारील. परंतु पुण्याकडील अलीकडची कोणतीही वार्ता घ्या, तिचें एक टोक पाटांत किंवा बांधावर येऊन पोंचतें; म्हणून दोनचार गोष्टी येथें देत आहों.

पहिली पाण्याची. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांचा उपयुक्त सांठा सुमारें २९ टी. एम. सी. आहे. त्यावरच पुणें शहर जगतें आणि हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांतील रानें भिजतात. शहराची उचल वाढली कीं आवर्तन लांबतें, हें वाचकांस सांगणें नको. याची भरपाई म्हणून शहराचें सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या उजव्या कालव्यांत सोडण्याची योजना झाली. योजना वाईट नाहीं. पण येणारें पाणी किती व कोणत्या प्रतीचें, हें कोणाच्या नुसत्या शब्दावर मानूं नये. आमच्या मतें दर आवर्तनास पाण्याची मोजणी व तपासणी यांचा लेखी तक्ता पाणीवापर संस्थांच्या हातीं पडला पाहिजे. काळ्या रानांत क्षार सांठले म्हणजे चर खणूनही तें लवकर ताळ्यावर येत नाहीं.

आतां शहरांतील कालवा बंद करून खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यानें पाणी नेण्याची योजना पुढें आली आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून घरांघरांत पाणी शिरलें होतें, तें आठवलें म्हणजे बोगद्यास नाहीं म्हणवत नाहीं. मात्र गळती व चोरी थांबून जें पाणी वांचेल तें कोणाचें, याचा लेखी ठराव काम सुरू होण्यापूर्वींच व्हावा.

जुलै २०२४ मध्यें खडकवासल्यांतून मोठा विसर्ग झाला व सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्यांत गेली. नदीचें पात्र अडवून वस्ती केल्यास दुसरें काय व्हावयाचें?

जानेवारी २०२५ मध्यें त्याच रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूस हातापायांतील शक्ति हरण करणारा गुलेन बॅरे हा विकार पसरला. संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. नांदेड व किरकटवाडी हीं गांवें २०२१ सालीं महापालिकेंत गेलीं. धरण तर उशाशीं. तरी तेथें विहिरीचें पाणी गाळणीवांचून, केवळ क्लोरीन घालून पुरविलें जात होतें. शहरांत जाण्यास उत्सुक असलेल्या गांवकऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

शेवटची वार्ता पुरंदरच्या विमानतळाची. पारगांव, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी व खानवडी या सात गांवांच्या जमिनी त्यास लागणार. ३ मे २०२५ रोजीं मोजणीच्या वेळीं कुंभारवळणास पोलिस व गांवकरी यांची झटापट झाली. पुढें त्याच वर्षीं अनेक खातेदारांनीं संमतिपत्रें दिलीं. अंजीर व सीताफळ यांचा हा तालुका. संमति देतांना विहीर, झाडें व पाइपलाइन यांची नोंद पंचनाम्यांत आली कीं नाहीं, हें प्रत्येकानें स्वतः वाचून पाहावें, व नक्कल घेतल्याखेरीज उठूं नये.