हवेतील कोलांटी आणि आपली व्यायामशाळा

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हिमवृष्टी होत नसली, तरी १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकपासून पदकस्पर्धांत समाविष्ट झालेल्या 'एरियल्स' या, उतारावरून उडून हवेत कोलांट्या घेण्याच्या स्कीइंग-प्रकाराचे मर्म येथील व्यायामशाळांत मल्लखांबावरून उडी घेणाऱ्या मुलामुलींना मुळीच परके नाही. कारण दोन्हीकडे कोलांटीचे भवितव्य, पाय आधार सोडतात त्याच क्षणी मुक्रर झालेले असते.

मागच्या कोलांटीत नवशिका घाईने मान मागे टाकतो, त्यामुळे उंची घटते व पाठ अकाली वाकते. म्हणून बाहू कानांलगत वर नेऊन, छाती उचलून, ताठ देहाने सुटावे, हाच माझ्या मते पहिला व सर्वांत दुर्लक्षित धडा होय. अधांतरी गेल्यावर कोनीय संवेग वाढवता येत नाही; गुडघे छातीशी घेतले की गिरकी वेगावते, अंग उलगडले की मंदावते, आणि जमीन नजरेस पडताच नेमके उलगडणे केवळ सरावानेच अंगी बाणते.

नामांकित स्कीपटूसुद्धा उन्हाळ्यात उतरणीवरून पाण्यात उड्या घेऊन नवी कोलांटी घोटतात. तेव्हा गच्चीवर वा मैदानाच्या कठीण जमिनीवर प्रयोग न करता, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, ट्रॅम्पोलिन व फोमच्या खड्ड्यापासूनच आरंभ करावा, ही कळकळीची विनंती.