दुरून चालणारा संगणक : लॉगिनच्या अलीकडची तयारी

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज परळ, दादर, लालबाग, गिरगाव या भागांतील कार्यालयांत हिशेब, नोंदी आणि पत्रव्यवहार सांभाळतात. त्यांच्याकडून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. संगणक कार्यालयात चालू असतो, वीज असते, इंटरनेटही असते. तरीही घरून जोडणी होत नाही. कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट दिसते. पासवर्ड भरताच दुरून जोडणी पूर्ववत होते. हे असे का घडते, हे समजून घेतल्यास उपाय अवघड नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य मुंबईला एका दिवशी कळले. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडाने मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि पुरवठा टप्प्याटप्प्याने परत येण्यास काही तास लागले. तो टाळेबंदीनंतरचा काळ होता. सर्वसामान्य प्रवाशांना लोकल १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. म्हणजे परळच्या टेबलावरील संगणक आणि कल्याण, विरार किंवा गावी बसलेला त्याचा वापरकर्ता यांना जोडणारा धागा केवळ इंटरनेटचाच होता. अशा वेळी यूपीएस नसलेला संगणक बंद पडतो. वीज आल्यावर तो आपोआप सुरू झाला, तरी लॉगिनच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, आणि त्याला आत घेणारे तेथे कोणीच नसते. रात्री विंडोजचे अद्ययावतीकरण होऊन संगणक स्वतःहून पुन्हा सुरू झाला, तरी हाच प्रसंग ओढवतो.

लालबागच्या चाळीचे उदाहरण घेऊ. खोलीतला दिवा खोलीचा मालक आल्यावर, कुलूप उघडल्यावर लागतो. पाण्याचा पंप आणि जिन्यातला दिवा मात्र सामाईक मीटरवर असतात. कोणत्या खोलीला कुलूप आहे, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. संगणकातही दोन प्रकारचे कार्यक्रम असतात. काही वापरकर्त्याने लॉगिन केल्यावर त्याच्या खात्यात सुरू होतात. काही संगणक सुरू होताच, कोणाचीही वाट न पाहता चालू लागतात. यांना ‘सर्व्हिस’ म्हणतात. दूरप्रवेशाचा कार्यक्रम पहिल्या प्रकारे बसवला असेल, तर लॉगिनपूर्वी तो अस्तित्वातच नसतो. शिवाय विंडोजने लॉगिनचा पडदा मुद्दाम वेगळा, संरक्षित ठेवला आहे. साध्या कार्यक्रमाला तो दिसत नाही आणि त्यावर अक्षरेही टंकता येत नाहीत, नाहीतर कोणताही भुरटा कार्यक्रम पासवर्ड टिपून घेईल. पुरेसे अधिकार असलेली सर्व्हिसच तेथपर्यंत पोहोचते.

म्हणून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखा कार्यक्रम नुसता डाउनलोड करून चालवणे पुरेसे नाही. प्रशासकाच्या खात्यातून तो रीतसर ‘इन्स्टॉल’ करावा, विंडोजबरोबर सुरू होण्याचा पर्याय निवडावा आणि समोर कोणी नसतानाच्या प्रवेशासाठी स्वतंत्र, लांब पासवर्ड ठेवावा. हा पासवर्ड विंडोजच्या पासवर्डहून वेगळाच हवा. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ‘रिमोट डेस्कटॉप’ अंगभूत असतो व तो मुळातच सर्व्हिस असल्याने लॉगिनपूर्वी चालतो. होम आवृत्तीच्या संगणकात मात्र त्याद्वारे बाहेरून शिरता येत नाही. त्याचे दार राउटरमधून थेट इंटरनेटकडे उघडू नये, व्हीपीएनमधूनच जावे. उघड्या दारावर पासवर्ड ओळखण्याचे यांत्रिक प्रयत्न अहोरात्र चालू असतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण नेमक्या त्याच आडव्या येतात. वीज परतल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे, ही सोय बायोसमध्ये द्यावी लागते. झोपेची, म्हणजे ‘स्लीप’ची सोय बंद ठेवावी. वायफायची जोडणी एकाच वापरकर्त्यापुरती साठवली असेल, तर लॉगिनपूर्वी ती लागत नाही. शक्य तेथे केबलच जोडावी.

काही ठिकाणी यावर सोपी वाट म्हणून पासवर्डच काढून टाकतात किंवा संगणक आपोआप लॉगिन होईल असे करतात. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. वसतिगृहाच्या संगणकात मुलांचे जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची बँक खाती असतात. पालकांनी विश्वासाने दिलेली ही कागदपत्रे खुर्चीत बसेल त्याच्या हाती पडावीत काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर अशी माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावरच टाकली आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

एका ठिकाणी मात्र सर्व्हिसही निरुपायी ठरते. बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केली असेल आणि विंडोज सुरू होण्याआधीच पिन मागितला जात असेल, तर त्या क्षणी सर्व्हिस चालवणारे विंडोजच जागे झालेले नसते. चावी संगणकातील टीपीएम या चिपमध्ये ठेवून, पिन न मागता सुरू होण्याची सोय आहे. सुरक्षा काहीशी कमी होते, पण दूरवरच्या संगणकासाठी ही तडजोड आम्ही स्वीकारार्ह मानतो. चोरीची भीती अधिक असेल तेथे पिन ठेवावा आणि तो भरणारा माणूस जवळ असावा.

पालकांसाठी एक स्वतंत्र सूचना. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी फोनवर एनीडेस्कसारखे ॲप बसवायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. दूरप्रवेशाची किल्ली आपण ज्याला ओळखतो, त्याच्याच हाती असावी.

सर्व जुळवणी झाल्यावर चाचणी अवश्य घ्यावी. संगणक पुन्हा सुरू करावा, पासवर्ड भरू नये, आणि मोबाइलच्या डेटावरून जोडून पाहावे. कार्यालयाच्या वायफायवरून नव्हे. लॉगिनचा पडदा मोबाइलवर दिसला आणि तेथून पासवर्ड भरता आला, तर काम झाले. मग एकदा भिंतीवरचे बटण बंद करून, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करून तीच चाचणी घ्यावी. ही चाचणी कार्यालयात कोणी हजर असताना घ्यावी, दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नव्हे.