तोंडाची कोरड

आषाढांत आमच्या चिपळुणांतल्या घरांच्या भिंतींना ओल फुटते, धुतलेले कपडे चार चार दिवस वाळत नाहींत, आणि त्याच घरांत एखाद्या आजीबाई तोंडाला कोरड पडली म्हणून रात्रीं तीनदां उठून पाण्याचा तांब्या शोधीत असतात. यावरून एक गोष्ट उघड होते. तोंडांतील ओलावा बाहेरच्या हवेवर फारसा अवलंबून नाहीं; तो शरीर स्वतः निर्माण करतें. त्यालाच आपण लाळ म्हणतों.

दोन्ही कानांच्या पुढें व खालीं, खालच्या जबड्याच्या आंत आणि जिभेखालीं अशा मोठ्या ग्रंथींच्या ३ जोड्या आहेत. ओठ, गाल व टाळू यांत शेंकडों बारीक ग्रंथी विखुरलेल्या आहेत. या सर्व मिळून दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ देतात. तींत १०० पैकीं ९९ भाग पाणीच असतें. पण उरलेल्या एका भागाची योग्यता मोठी आहे. भाताचा घास बराच वेळ चावला तर तो गोड लागूं लागतो, तें लाळेंतील पाचक द्रव्याचें काम. घास बुळबुळीत करून गिळावयास सोपा करणें, आंबटपणा मारणें, दांतांच्या झिजूं लागलेल्या कवचाला चुन्याचे क्षार परत देणें आणि जंतूंना आळा घालणें, हीं सारीं कामें ती न सांगतां करीत असते. म्हणून लाळ आटली कीं नुसती तहान लागून भागत नाहीं. हिरड्यांच्या कडेनें दांत किडूं लागतात, जिभेवर पांढरी बुरशी धरते, कवळी टोंचते आणि कोरडी भाकरी घशाखालीं उतरत नाहीं. मग म्हातारें माणूस "भूक नाहीं" म्हणून पान बाजूस सारतें, आणि घरच्यांस तें खरें वाटतें.

कोरडीचीं कारणें अनेक आहेत. भीति हें त्यांतील जुनें व सर्वपरिचित. चिपळुणाजवळ पेढें-परशुराम येथें १८८० सालीं जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाच्या १९४६ सालीं निघालेल्या तिसऱ्या खंडांत प्राचीन न्यायव्यवहाराचें विवेचन केलें आहे. त्या व्यवहारांत 'तंदुल' नांवाचें एक दिव्य होतें. चोरीचा संशय असलेल्या माणसास तांदूळ चावून थुंकावयास लावीत. थुंकींत रक्त दिसलें, टाळू सुकली, अंग कांपलें, कीं तो दोषी. भयानें लाळ कमी व चिकट होते हें निरीक्षण खरेंच आहे. परंतु निरपराधी मनुष्यही भितोच. कोरडें तोंड हें एक लक्षण आहे, निकाल नव्हे. कारण शोधल्याविना निवाडा करूं नये, हा धडा आजही उपयोगी आहे.

"वय झालें, आतां कोरड पडायचीच," असा निवाडा आपण घरोघर ऐकतों. तो बहुधा चुकतो. निरोगी वृद्धाची लाळ थोडीशीच कमी होते. खरें कारण पुष्कळदां औषधांच्या डब्यांत सांपडतें. सर्दी व खाज यांवरील गोळ्या, रक्तदाबासाठीं दिलीं जाणारीं लघवी वाढविणारीं औषधें, लघवीचा वेग आवरणारीं औषधें, नैराश्यावरील कांहीं औषधें, यांनीं तोंड कोरडें पडतें. अशी गोळी आपल्या मनानें बंद करणें हें मात्र कोरडीपेक्षां अधिक घातक. सर्व गोळ्या एका पिशवींत घालून डॉक्टरांपुढें ठेवाव्या; मात्रा, वेळ किंवा औषध बदलतां येतें काय, हें तेच सांगतील.

आतां घरगुती उपाय पाहूं. पाणी घोट घोट घ्यावें. एकदम तांब्याभर प्याल्यानें तें पोटांत जातें, तोंड पुन्हा कोरडें, आणि रात्रीं लघवीला उठणें तेवढें वाढतें. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांना पाणी मोजून सांगितलें आहे, त्यांनीं चूळ भरून टाकावी. पेलाभर कोमट पाण्यांत पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून केलेली गुळणीही सुखावह होते.

चावण्यानें लाळ सुटते. चिमूटभर बडीशेप किंवा वेलचीचे दाणे सावकाश चावावे. साखरविरहित च्युइंग गमही चालतें. आमसुलाचा तुकडा जिभेवर ठेवतांच तोंडाला पाणी सुटतें हें आम्हां कोंकणवासीयांस सांगावयास नको. परंतु आमसूल, लिंबाची गोळी वा खडीसाखर दिवसभर गालांत धरून ठेवणें म्हणजे रक्षक नसलेल्या दांतांवर आम्ल आणि साखर सोडणें होय. सोलकढी जेवणाबरोबर खुशाल घ्यावी. सुपारी, तंबाखू व मिश्री मात्र वर्ज्य. सुपारीनें क्षणभर लाळ सुटते खरी. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं नुसत्या सुपारीलाही कर्करोगजनक ठरविलें आहे.

जेवणांत मऊ भात, पेज, ताक, कढी असावी. भाकरी आमटींत कुसकरावी. झणझणीत तिखट टाळावें. ओठांना तूप लावावें. नाक चोंदल्यामुळें तोंडानें श्वास घेण्याची संवय असेल तर नाकावर इलाज करावा. फ्लुओराइडयुक्त पेस्टनें दोनदां दांत घासावे आणि कवळी रात्रीं काढून पाण्यांत ठेवावी. एवढ्यानें न भागल्यास औषधांच्या दुकानांत कृत्रिम लाळेचे फवारे व लेप मिळतात.

कोरडीबरोबर तहान व लघवी वाढली असेल तर मधुमेहासाठीं रक्त तपासावें. डोळेही कोरडे पडून सांधे दुखत असतील, तर स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन या नेत्रवैद्यानें १९३३ सालीं आपल्या प्रबंधांत वर्णिलेला विकार संभवतो. त्यांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. अशा वेळीं घरगुती उपायांवर दिवस काढूं नयेत.

घरांतील वृद्ध हें दुखणें सहसा बोलून दाखवीत नाहींत. तें त्यांना सांगण्याजोगें वाटत नाहीं. म्हणून आज रात्रीं जेवतांना त्यांचा घास पाण्यावांचून खालीं उतरतो कीं नाहीं, एवढें आपणच पाहावें आणि विचारावें.